‘आजीबरोबर दगड बघायला गेलो होतो’

पत्र

ताई, मी सदुसष्ट वर्षांची आहे. नोकरीची सगळी वर्षं शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. मला एक नातू आहे बारा वर्षांचा आणि एक नात सात वर्षांची. मागच्या सुट्टीत मोठ्या हौसेनं दोघांना एका प्राचीन नगराचे अवशेष दाखवायला नेलं. आठवडाभर आधी बसून टिपणं काढली होती. तासाभरातच नातू एका भिंतीच्या सावलीत मोबाइल घेऊन बसला. नात एका पडक्या चौथऱ्यावर चढली, मी तिच्यावर ओरडले, ती रडली. परत आल्यावर नातू फोनवर मित्राला सांगत होता, “आजीबरोबर दगड बघायला गेलो होतो,” आणि हसत होता. ते फार लागलं. लेक म्हणते, “आई, त्यांना आवडत नाही तर कशाला ओढून नेतेस?” आता पुन्हा सुट्टी येते आहे. माझे गुडघे अजून किती साथ देतील ठाऊक नाही. पुन्हा नेऊ की नको? की आमच्या आवडी आमच्याबरोबरच संपायच्या?

उत्तर

ताई, न्या. जरूर न्या. फक्त या वेळी टिपणं घरी ठेवा.

हे सांगताना तुमच्या मेहनतीचं मोल मी कमी करत नाही. आठवडाभर बसून नातवंडांसाठी टिपणं काढणारी आजी किती जणांना लाभते? पण वर्गात तुमच्यापुढे अभ्यासक्रम असायचा आणि तो वेळेत संपवावा लागायचा. अवशेषांमध्ये तसं काहीच संपवायचं नसतं. तुम्ही उत्तरं घेऊन गेलात आणि मुलांना अजून एकही प्रश्न पडला नव्हता. ज्याला प्रश्न पडलेला नाही, त्याच्यासाठी कुठलंही उत्तर निव्वळ माहिती असते, आणि माहितीला बारा वर्षांचं पोर सुट्टीत दाद देत नाही.

स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेची हकिकत तुम्हाला माहीत असेल, तरी पुन्हा सांगते. १८७९ साली मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला हे गृहस्थ त्या गुहेत उत्खनन करत होते. त्यांचं सगळं लक्ष जमिनीकडे, कारण शोधायचं ते मातीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बरोबर आलेल्या त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीला, मारियाला, असं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं वर बघितलं. छतावर हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले रानबैल होते. पुढे विद्वानांनी ती चित्रं खोटी ठरवली. त्यांचा अस्सलपणा मान्य व्हायला १९०२ साल उजाडलं, आणि साउतुओला त्याआधीच, १८८८ मध्ये गेले होते. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्या पोरीचं वर बघणं. तिला कुणी ‘इकडे बघ’ म्हणालं नव्हतं.

तुमच्या नातवंडांना असं कुठेही बघायची मोकळीक मिळाली होती का? मला वाटतं, त्यांचा सगळा वेळ तुम्ही दाखवाल तिकडे बघण्यात गेला.

मग आजीनं करायचं काय? प्रश्न विचारायचे आणि गप्प बसायचं. यातलं दुसरं जास्त अवघड आहे, आणि आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला तर फारच. तरी करून बघा. प्रश्न मात्र असा हवा की त्याचं उत्तर समोरच्या दगडात शोधता येईल. ‘हे कोणत्या शतकातलं?’ हा प्रश्न उपयोगाचा नाही, कारण शतक डोळ्यांना दिसत नाही.

इटलीतल्या पॉम्पेईचंच घ्या, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन शहराचं. तिथल्या रस्त्यांवर मधोमध मोठाले उंच दगड बसवलेले आहेत आणि दोन दगडांमध्ये फटी सोडलेल्या आहेत. ते कशासाठी, असं मुलांना विचारलं तर आधी काहीतरी अचाट उत्तरं येतात. येऊ द्यावीत. मग कुणाला तरी फरसबंदीत चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या दिसतात आणि त्या नेमक्या फटींतून जातात हे लक्षात येतं. म्हणजे गाडी फटीतून पुढे जायची, आणि पायी चालणारा रस्त्यावरच्या पाण्यात-घाणीत पाय न बुडवता दगडांवरून पलीकडे पोचायचा. हे ज्या मुलानं स्वतः जुळवलं, ते पॉम्पेई विसरणार नाही. ते शहर गाडलं गेलं ते इसवी सन ७९ हे साल त्याला मागाहून सांगितलं तरी चालतं, कारण आता त्या सालाला धरून ठेवायला त्याच्याकडे काहीतरी आहे.

किंवा वेरूळचं कैलास. ‘बांधताना आधी काय केलं असेल, पाया की कळस?’ बहुतेक मुलं पाया म्हणतील आणि ते साहजिक आहे. पण तिथे काहीच बांधलेलं नाही. डोंगर वरून खाली कोरत आणलेला आहे, म्हणजे कळस आधी. मग पुढचा प्रश्न मुलंच विचारतात: एखाद्याचा हात चुकला, दगड जास्त निघाला, तर? तो दगड परत लावायचा कसा? अशा वेळी “तुला काय वाटतं?” एवढंच म्हणा आणि थांबा.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर स्कारा ब्रे नावाची वस्ती आहे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची. १८५० मधल्या एका वादळानं वरची वाळू उडवली आणि ती उघडी पडली. तिथल्या घरांमध्ये दगडी पलंग, दगडी मांडण्या आणि मधोमध चूल अजून जागच्या जागी आहेत. सात वर्षांच्या मुलीला ‘नवाश्मयुग’ सांगून काय कळणार? पण ‘यातला तुझा पलंग कुठला असता?’ हे तिला लगेच कळतं.

ताई, अजून एक. “मला नाही माहीत” असं त्यांच्यासमोर मोकळेपणानं म्हणा. मुलांना मोठ्यांकडून हे वाक्य फार क्वचित ऐकायला मिळतं. पुरातत्त्वात तर ते पावलोपावली खरं असतं. गुजरातमधल्या धोलावीऱ्याला, सिंधू संस्कृतीच्या एका नगरात, प्रवेशद्वाराजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली. त्या पाटीवर काय लिहिलं आहे, हे आजवर कुणालाही खात्रीनं वाचता आलेलं नाही, कारण सिंधू लिपीच अजून उलगडलेली नाही. तिथे तुमचा नातू, तुम्ही आणि त्या विषयात आयुष्य घालवलेले विद्वान एकाच रांगेत उभे आहात. बारा वर्षांच्या मुलाला ही रांग आवडते. त्या वयात त्याला सगळीकडे कुणीतरी शिकवतच असतं.

त्याच्या मोबाइलबद्दल. तो काढून घेऊ नका, त्याला काम द्या. बऱ्याच प्राचीन स्थळांची जुनी छायाचित्रं किंवा रेखाटनं मिळतात. तसं एक शोधून त्याला आधीच पाठवा आणि सांगा, ज्या जागेवरून हे काढलं ती नेमकी जागा शोध आणि तिथूनच आजचा फोटो काढ. यात त्याला कोन बघावा लागेल, कुठला खांब पडला, कुठलं झाड नवीन, कुठली भिंत डागडुजी करून उभी केली, हे सगळं ताडावं लागेल. तुम्ही टिपणांतून जे शिकवू पाहत होता त्यातलं बरंचसं त्यात आलं.

आता नातीकडे येते, कारण पत्रात ती एका ओळीत आली आणि माझं मन तिथेच अडकलं. ती चढली, कारण समोर चढण्याजोगं काहीतरी होतं. तुम्ही ओरडलात ती भीतीनं, तिच्या पडण्याच्या आणि चौथऱ्याच्या ढासळण्याच्या. दोन्ही भीती खऱ्या आहेत. पण तिला त्यातलं काय कळलं? आजी दगडांसाठी आपल्याला रागावली, एवढंच. निघण्यापूर्वी तिला जवळ घेऊन त्या दिवसाबद्दल बोला. ओरडल्याचं वाईट वाटतं हेही सांगा. मग कारण सांगा, आणि कारण मोठ्यांना सांगतो तसंच सांगा. फ्रान्समध्ये लास्को नावाची चित्रांची गुहा आहे. १९४० मध्ये ती काही किशोरवयीन मुलांना सापडली. पुढे ती लोकांना बघायला खुली झाली, रोज माणसांची रीघ लागली, आणि नुसत्या त्यांच्या श्वासांमुळे आतली हवा बदलून चित्रं खराब होऊ लागली. १९६३ मध्ये गुहा बंद करावी लागली. कुणी ओरखडा काढला नव्हता, लोक फक्त श्वास घेत होते. सात वर्षांच्या मुलीला ही गोष्ट पुरेपूर समजते, आणि मग हात न लावणं, न चढणं ही तिची स्वतःची जबाबदारी होते. बऱ्याचदा अशी पोरं पुढे दुसऱ्यांना दटावतात!

चढायची खुमखुमी मात्र कुठेतरी जिरायला हवी. ठिकाण निवडताना पळायला मोकळं मैदान आहे का ते बघा आणि आधी तिला तिथे दमू द्या. नंतर तिला प्राण्यांवर नेमा. कोरीव कामात, फरशीवर, विटेवर जितके प्राणी सापडतील तितके शोधायचे. सिंधू संस्कृतीच्याच चन्हुदडो या नगराच्या उत्खननात एक वीट मिळाली आहे, तिच्यावर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे आहेत. ओल्या विटा वाळत घातलेल्या, आणि त्यांच्यावरून मांजर पळालं, मागोमाग कुत्रा. साडेचार हजार वर्षांच्या आसपासची ही धावपळ. हे तिला घरूनच सांगून ठेवा, मग बघा ती प्रत्येक विटेवर कशी ओणवी होते. आणि ओन्फिमची ओळख करून द्या. तेराव्या शतकात रशियातल्या नोवगोरोदमध्ये साधारण तिच्याच वयाचा हा मुलगा अक्षरं गिरवायला बसायचा, भूर्जाच्या सालीवर. अक्षरं गिरवता गिरवता त्यानं मध्येच स्वतःला घोड्यावर बसवून शत्रूला भाला मारताना काढलं आहे. ती साल मातीत टिकली आणि विसाव्या शतकात उत्खननात निघाली. अभ्यास सोडून चित्र काढणाऱ्या मुलाशी तिची दोस्ती पटकन होईल.

गुडघ्यांचं तुम्ही अगदी शेवटी आणि दबक्या आवाजात लिहिलंत. मला तर त्यातच यंदाच्या सहलीची खरी सोय दिसते. सगळं बघायचा हट्ट सोडा. सपाट जागा निवडा, सकाळी लवकर जा, टोपी आणि भरपूर पाणी घ्या, काठी न्यायला लाजू नका. आत गेल्यावर सावलीत, जिथून मुलं नजरेच्या टप्प्यात राहतील अशा जागी बसा. आणि त्यांना पाठवा. “मला तिथपर्यंत चालवत नाही. त्या कमानीपलीकडे काय आहे ते बघून या आणि मला सांगा.” ती जातील, येतील, एकमेकांचं खोडून काढत सांगतील. तुम्हाला सगळं माहीत असलं तरी ऐका. नीट चित्र उभं राहिलं नाही तर पुन्हा पाठवा: किती उंच? दार होतं की खिडकी? वर छप्पर टेकायला खाचा दिसतात का? गेल्या वेळी तुम्ही सांगत होता आणि ती ऐकत होती. हे उलटं करण्यासाठी याहून चांगलं निमित्त मिळणार नाही, आणि त्यात खोटं काहीच नाही, कारण तुम्हाला खरंच तिथवर जाता येत नाही.

लेकीचं बोलणं तुम्हाला विरोधासारखं वाटलं. मला त्यात थोडी दमणूक दिसते. रडणारी एक, रुसलेला एक आणि दुखावलेली आई, घरी परतलेल्या तिघांना तिनंच सांभाळलं असणार. शिवाय ती तुमचीच लेक, म्हणजे लहानपणी अशा जागी तीही तुमच्या मागे हिंडली असेल. तिला त्यातलं काय आठवतं, हे कधी विचारलंत का? सहलीचं बोलण्याआधी हे विचारा. कदाचित ती कंटाळल्याचं सांगेल, कदाचित तुम्ही विसरलेलं काहीतरी भरभरून सांगेल. दोन्हींतून तुम्हाला नातवंडांबद्दल कळेल. तिलाही बरोबर यायचं आहे, की त्या दिवशी एकटीनं शांत बसायचं आहे, हे मात्र तिलाच ठरवू द्या.

आणि नातवाचं ते वाक्य. तुम्ही ते चोरून ऐकल्यासारखं लिहिलंत आणि तेव्हापासून मनात घोळवत आहात. बारा वर्षांचा मुलगा मित्राला फोनवर “मला आजीबरोबर मजा आली” असं म्हणणारच नाही, आली असली तरी. तुमच्यावर माया नसल्याचा पुरावा त्या हसण्यात मला सापडत नाही. तो कंटाळला होता हे मात्र खरं, आणि ते मान्य करून पुढे जाऊ या.

आवडी आमच्याबरोबरच संपायच्या का, हा तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. संपतीलही. तुमची नातवंडं इतिहासाकडे वळतीलच असं कुणी सांगू शकत नाही. कदाचित चाळिशीत वळतील, कदाचित कधीच नाही. आवड हातात देता येत नाही, तिच्याजवळ नेऊन सोडता येतं. पण त्यांनी ती उचलली नाही म्हणून त्यांच्याबरोबर घालवलेली सकाळ वाया गेली असं समजू नका, आणि त्यांना तसं जाणवूही देऊ नका. आजीचा वारसा चालवायचं ओझं वाटलं की पोरं लांबूनच वळसा घालतात.

तेव्हा ताई, या आठवड्यात फोन करा, तो लेकीला नाही, नातवाला. दोन-तीन ठिकाणांची नावं त्याला द्या. कुठल्या ठिकाणी कमी चालावं लागतं, सावली कुठे आहे, बहिणीला पळायला जागा कुठे आहे, हे नकाशावर बघून यातलं एक त्यानं निवडायचं आहे असं सांगा. आणि त्यानं निवडलेलं ठिकाण तुमच्या मनातलं नसलं, तरी तिथेच जा.