लिलावातली जागा आणि विहिरीवरचा तवंग

प्रश्न : दापोली तालुक्यात आमच्या गावाजवळ एका सरकारी खात्याचं जुनं आवार लिलावात निघालंय. पूर्वी तिथे रोलर उभे असत, डांबराची पिंपं आणि डिझेलची टाकी होती. मला होमस्टे काढायचा आहे. विहिरीचं पाणी तपासलं, 'पिण्यास योग्य' आलं. पण पाण्यावर रंगीत तवंग दिसतो. भावोजी म्हणतात, घेऊन टाक. काय करू?

उत्तर : दादा, रिपोर्ट खोटा नाही, पण तुमच्या कामाचाही नाही. माझी सगळी नोकरी पाण्याच्या प्रयोगशाळेत झाली. नेहमीच्या तपासणीत आम्ही क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू बघायचो. डिझेल बघा असं कुणी सांगितलंच नाही, तर ते कागदावर येणार कुठून?

आधी तवंग. आपल्या जांभ्या दगडात लोह भरपूर, त्यामुळे लोहजिवाणूंची साय विहिरीवर धरते, आणि तीही रंगीत चमकते. काडीने ढवळून बघा. काचेसारखे तुकडे होऊन सुटे राहिले तर बहुधा जिवाणू. काडी काढताच तवंग पुन्हा जुळला तर तेल. नाकावर मात्र जाऊ नका. मी एकदा वासावरून ठामपणे 'डिझेल' म्हणाले, आणि निघाली शेजारच्या कलमांवरची फवारणी!

डांबर थिजून जागेवरच राहतं, त्याची मला एवढी धास्ती नाही. डिझेल जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतं आणि भूजलावर तरंगतं. मे महिन्यात पाण्याबरोबर खाली जातं, पावसात वर येतं. म्हणून नमुना दोनदा घ्या, मेअखेर आणि जुलैत. गडद काचेची बाटली, काठोकाठ भरलेली, बर्फात ठेवून न्यायची. प्रयोगशाळेला लेखी सांगा : पेट्रोलियम हायड्रोकार्बन (म्हणजे डिझेलसारख्या तेलाचा अंश) आणि बेंझिन तपासा. टाकीजवळची मातीही द्या.

आता कागद. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात लपलेला दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो, पण वेगळा करार नसेल तरच. लिलावातली 'जशी आहे तशी' ही अट म्हणजे नेमका तोच वेगळा करार. अमेरिकेत १९८६च्या कायद्यापासून संघीय सरकार घातक रसायनं साठवलेली जागा विकताना, पुढे जुनी घाण निघाली तर आम्ही साफ करू, असं खरेदीखतातच लिहून देतं. आपल्याकडे प्रदूषित जागांचे नियम २०२५मध्ये आले. खर्च प्रदूषण करणाऱ्याचा, हे त्यात आहे. पण तो वसूल होईपर्यंत तुमचं बँकेचं व्याज थांबत नाही. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा : टाकी कधी पुरली, कधी काढली, की अजून खालीच आहे?

तेलकट माती निघाली तर ती खाडीत लोटता येत नाही. घातक कचरा म्हणून ट्रकने थेट पनवेलजवळच्या तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रापर्यंत न्यावी लागेल. ते भाडं धरून बोली लावा. आणि अनामत भरायची तारीख जुलैच्या नमुन्याआधीची असेल, तर ही जागा भावोजींनाच घेऊ द्या.