ऑफिसला कुर्ती-जीन्सवर पैंजण शोभतील का?

शोभतील की! आईने दिलेली जाड, घुंगरांची पैंजणं तुम्हाला रोज घालायची आहेत आणि ती गावंढळ दिसतील का, अशी शंका आहे. माझं मत, आधी कपड्याची खालची कड आणि चप्पल यांच्यामध्ये पाय किती उघडा राहतो ते आरशात बघा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

काष्ट्याच्या नऊवारीत घोटा मोकळा असतो, म्हणून तिथे तोडे आणि रुंद पट्टीची पैंजणं उठून दिसतात. पाचवारी टाचेपर्यंत येते, त्यामुळे पैंजण दिसत कमी आणि ऐकू जास्त येतं. घोट्याच्या वर थांबणारी जीन्स किंवा सरळ पँट असेल तर बारीक साखळी घ्या, खाली कोल्हापुरी चप्पल. एकाच पायात घातली तरी चालते. त्याचे भलते अर्थ सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. चुडीदारवर मात्र नको. चुण्यांमध्ये पैंजण रुततं आणि कडी कापडात अडकते. मोजे दिसणारे बूट असतील त्या दिवशी सरळ पर्समध्ये ठेवा.

आता आईच्या पैंजणांचं. आवाजाचीच अडचण असेल तर सोनाराकडून घुंगरू काढून घ्या आणि पुडीत जपून ठेवा. गौरी-गणपतीला परत लावून मिळतात. मोडीत घालून नवी घ्यायचा मोह टाळा. मजुरी तुम्ही दोनदा भरता आणि जुन्यात तूटही धरली जाते.

नवीनच घ्यायची झाली तर घोट्याभोवती दोरा गुंडाळून माप घ्या आणि त्यात अर्धा-पाऊण इंच वाढवा. मी कोल्हापूरकडची. आमच्या जवळच्या हुपरीत घरोघरी चांदीकाम चालतं आणि पैंजणांसाठी गाव नावाजलेलं आहे. तिथे जाणकार गिऱ्हाईक नक्षीच्या आधी टंच, म्हणजे चांदीची शुद्धता विचारतं, तुम्हीही विचारा. सोन्यासारखी हॉलमार्कची सक्ती चांदीला नाही, म्हणून टंच आणि मोडीचा दर बिलावर लिहून घ्या. 925 शिक्का म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. फारच स्वस्त 'व्हाइट मेटल', म्हणजे चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू, टाळा; त्यात निकेल असलं तर काहींच्या घोट्याला खाज आणि पुरळ येतं.

रोज घातली की ती काळवंडणार. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने चांदीवर काळा थर चढतो. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा घालून बुडवली तर आणखी लवकर उजळतात. पण ऑक्सिडाइज्ड पैंजणं त्यात घालू नका. मुद्दाम आणलेला काळेपणाच निघून जाईल, आणि पैसे तर त्याचेच दिलेले असतात!