तो ‘नुसता उभा राहतो’, तेव्हा

प्रिय लेकी,

औशाहून लातूरला क्लाससाठी एसटीनं ये-जा करतेस आणि तुझ्या मागे लागलेला तो मुलगा रोज स्टँडवर उभा दिसतो. ‘काही करत नाही, नुसता उभा राहतो,’ असं लिहिलंयस. अगं, नको म्हटल्यावरही रोज उभं राहणं म्हणजे काहीतरी करणंच आहे.

साधा दिसतो, चांगल्या घरचा आहे, यावरून धोका मोजू नकोस. महिन्यापूर्वी काय करायचा आणि आता काय करतो, ते बघ. आधी स्टँडपर्यंत यायचा, आता तुझ्याच गाडीत चढतो. नंबर ब्लॉक केलास तर दुसऱ्या नंबरवरून फोन करतो, मैत्रिणींकडे तुझी चौकशी करतो. हे वाढत चाललंय, त्याचीच मला काळजी वाटते. ‘माझी नाही तर कुणाचीच नाही’ किंवा ‘मी जिवाचं बरंवाईट करून घेईन’ अशी भाषा आली, तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठायचं. मरायच्या धमकीनं तुला दया येईल. पण ज्याला स्वतःच्या जिवाची पर्वा उरली नाही, तो दुसऱ्याच्या जिवाचीही करेलच असं नाही.

नकार एकदाच दे, स्वच्छ शब्दांत. ‘सध्या अभ्यास आहे’ म्हणालीस तर तो परीक्षा संपायची वाट बघेल. त्यानंतर एकही उत्तर नाही, रागाचंसुद्धा नाही. चाळीस फोन सोडून एकेचाळिसावा उचललास, तर एकेचाळीस वेळा केला की ही उचलते, एवढंच त्याला कळतं. मेसेज पुसू नकोस. वहीत तारीख, वेळ, जागा आणि सोबत कोण होतं ते लिही.

पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७८. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर ५ वर्षांपर्यंत. मात्र पहिल्या वेळी जामीन मिळतो, म्हणून तक्रारीनंतरचे काही दिवस एकटी प्रवास करू नकोस. अडचण आली तर ११२ नंबरला फोन कर.

घरी कळलं तर शिक्षण बंद करतील, स्थळं बघायला लागतील, ही तुझी भीती खोटी नाही. आपल्याकडे असं होताना मी पाहिलंय. पण तू घरी बोलणार नाहीस, याच भरवशावर तो उभा आहे. आधी आईला सांग. रविवारी मी औशाला येते. अण्णांशी मी बोलेन, तू फक्त ती वही जवळ ठेव.

तुझी,
मावशी