सिसिलीत फक्त प्राचीन ग्रीक अवशेष बघायचेत. आग्रिजेंतोला जावं की सिराक्यूजला?

सिराक्यूजला जा. दिवस उरला तर आग्रिजेंतो. पण तुम्ही पुढे लिहिलंय की "नंतरची चर्चं वगैरे नकोत, अस्सल प्राचीन तेवढंच सांगा", त्यावर मला बोलायचंय. नेमकं हेच माझे दाजी सिराक्यूजच्या कॅथेड्रलसमोर, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चसमोर, उभे राहून म्हणाले होते आणि त्यावरून आमचं आजही वाजतं.

मी तेव्हा नोकरीनिमित्त सिसिलीतल्याच कतानिया शहरात राहत होतो. ताई-दाजी आले तसा त्यांना ओर्तिजियाला घेऊन गेलो. ओर्तिजिया म्हणजे सिराक्यूजचं जुनं गाव, पुलांनी जोडलेलं छोटंसं बेट. इ.स.पू. 734 च्या सुमाराला कोरिंथच्या ग्रीकांनी पहिली वस्ती केली ती इथे. दाजी सिव्हिल इंजिनिअर, सगळी हयात सांगलीत बांधकामावर गेलेली. चौकातून कॅथेड्रलकडे एक नजर टाकून म्हणाले, "हे बरोक आहे, चला पुढे." दर्शनी भाग बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या भरगच्च नक्षीच्या शैलीचा, आहेच. आधीचा 1693 च्या भूकंपात गेला, हा अठराव्या शतकातला. मी त्यांना डाव्या अंगाच्या गल्लीत नेलं.

त्या गल्लीत भिंतीच्या पोटातून डोरिक, म्हणजे साध्या जुन्या ग्रीक शैलीचे, खांब बाहेर आलेत. पन्हळी झिजून गोल झाल्यात, पण हात फिरवला की लागतात. दोन खांबांमधली जागा दगडांनी भरून काढलीय आणि वर मध्ययुगीन कंगोरे. हे ग्रीक देवी अथेनाचं देऊळ. इ.स.पू. 480 ला सिसिलीतल्याच हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा पराभव केल्यावर सिराक्यूजच्या गेलोन राजानं बांधायला घेतलेलं. पुढे रोमन सुभेदार वेरेसनं ते लुटलं. दारांवरचं सोनं आणि हस्तिदंतही त्यानं सोडलं नाही, रोमन वकील सिसेरोनं त्याच्यावरच्या खटल्यात हे सगळं मांडलंय. सातव्या शतकात देवळाचं चर्च झालं. बाहेरच्या खांबांमधल्या जागा चिणून भिंत केली, आणि गाभाऱ्याच्या भिंती कमानींसारख्या कापून आतला सभामंडप मोकळा केला. 878 ला अरब आले, तेव्हा मशीद झाल्याचं सांगतात. मग उत्तर फ्रान्सकडचे ख्रिस्ती नॉर्मन आले, पुन्हा चर्च. आत गेलात तर बाप्तिस्म्याचं संगमरवरी पात्र बघा. पात्र ग्रीक, त्याखालचे ब्राँझचे सिंह तेराव्या शतकातले.

दाजींनी खांब थोपटला आणि म्हणाले, "ही मधली भरती काढली पाहिजे. देऊळ मोकळं होईल."

मी त्यांना दहा मिनिटांच्या अंतरावरचं अपोलोचं देऊळ दाखवायला नेलं, मासळीबाजाराला लागून आहे ते. सिसिलीतलं सगळ्यात जुनं मोठं डोरिक देऊळ, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्याचंही चर्च झालं, मशीद झाली, पुन्हा चर्च, मग स्पॅनिश सैन्याची बराक. 1938 ते 1942 मध्ये वरचं सगळं उतरवून ते "मोकळं" केलं. आज काय दिसतं? चौथरा, दोन-तीन धड खांब, भिंतीचा एक तुकडा. बाकी गवत. मी म्हटलं, दाजी, हे तुमचं मोकळं देऊळ. त्यांना राग आला. संध्याकाळी ग्रानिता (तिथला बर्फाचा गोड पदार्थ) खाताना ताईला मध्ये पडावं लागलं.

माझं मत आजही तेच आहे. अथेनाचे खांब टिकले ते चिणले गेले म्हणून. भूमध्य समुद्राच्या काठी जी इमारत वापरातून गेली ती बहुतेक वेळा गावाची दगडाची खाण झाली. सिराक्यूजचं ग्रीक नाट्यगृह बघा, त्याच्या रंगमंचाचे दगड स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात ओर्तिजियाच्या तटबंदीला नेले. आग्रिजेंतोच्या प्रचंड झ्यूस मंदिराचे दगड अठराव्या शतकात जवळच्या पोर्तो एम्पेदोक्ले बंदराच्या धक्क्यात गेले. ज्याच्यात लोक प्रार्थना करत राहिले ते बहुतांशी उभं राहिलं. मग त्या लोकांचं काम खरवडून काढा म्हणणं मला कृतघ्नपणाचं वाटतं.

आता दाजींच्या बाजूचं. अपोलोच्या देवळाचे दगड उत्खननाच्या कितीतरी आधीपासून गेलेले होते, सगळा दोष 1938 च्या लोकांचा नाही. आणि आग्रिजेंतोचं कोंकोर्दिया मंदिर खरंच मोकळं केलेलं आहे, 1788 मध्ये चर्चच्या भिंती काढून, आणि ते देखणं दिसतं. दाजी याचाच दाखला देतात. पण ते तोपर्यंत उभं होतं कारण सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं होतं! गाभाऱ्याच्या भिंतींत कापलेल्या कमानी अजून तिथे आहेत, बाहेरून दिसतात. त्या बघितल्याशिवाय फोटो काढून निघू नका.

कतानियाहून सिराक्यूजला बसनं तास-सव्वा तास, आग्रिजेंतोला तीनेक तास. जुलै-ऑगस्टमध्ये आग्रिजेंतोला दुपारी जाऊ नका, सावली नाही. कॅथेड्रलला थोडंसं तिकीट लागतं, खांदे झाकलेले हवेत, आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते तेव्हा फिरू देत नाहीत. ते बरोबरच आहे.