‘तेल लागलं’ म्हणजे नक्की काय लागलं?

परवा कोथरूडला चहा पिताना म्हणालास, ‘काका, कंपनीला तेल लागलंय, तिचे शेअर घेऊन टाकू?’ थांब जरा. वाघोलीच्या सोसायटीत बोअरला पाणी लागलं होतं, आठवतंय? पेढे वाटले आणि उन्हाळ्यात पुन्हा टँकर.

तेलाच्या विहिरीत पोलादी केसिंग (म्हणजे नळीचं अस्तर) बसवून मागे सिमेंट भरतात. मग पर्फोरेटिंग गन खाली सोडून स्फोटकांनी केसिंग, सिमेंट आणि खडक भेदतात. भोकं जेमतेम सेंटिमीटरभर, पण तेलाला आत यायची वाट तीच. त्यात चुरा अडकला तर चांगला खडकही मुका राहतो. नवी, जास्त चांगली गन वापरली तर ही वाट सुधारेल. खडकात तेलच नसेल तर ती काय करणार?

बॅरलचा आकडा दिसला (बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर), की आधी बघ: चाचणी किती तास चालली, चोक (प्रवाह आवरणारी झडप) किती उघडा होता, पाणी किती आलं? मी एकदा आकडा वाचून घाईत शेअर घेतले. पाण्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरात!

आणि कंपनीची रोकड. शिल्लक दोन तिमाहींपुरतीच असेल, तर बहुधा नवे शेअर निघणार आणि तुझा वाटा पातळ होणार. ‘प्रॉस्पेक्टिव्ह रिसोर्सेस’ला (म्हणजे असू शकेल अशा तेलाच्या नुसत्या अंदाजाला) तर साठा समजूच नकोस, तिथे अजून शोधच लागलेला नसतो.