600 रुपयांच्या पेन्शनने गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तब्येतीत खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की गावाकडच्या वृद्धांना सरकार देतं त्या पाचसहाशे रुपयांनी तब्येत सुधारते, का ते पैसे नुसते मतांसाठी वाटलेले असतात.

मी डॉक्टर नाही. राहतो इंदूरला, रामबागेत, आणि सांवेरच्या बाजूला एका गावात माझं मेडिकलचं दुकान आहे. एकोणीस वर्षं गल्ल्यावर बसून जे दिसलं त्यावरून सांगतो: फरक पडतो. पण रकमेमुळे कमी. दर महिन्याला येतात आणि स्वतःच्या खात्यात येतात, म्हणून जास्त.

रक्कम तशी सांगायलाही लाज वाटावी अशीच. आमच्या मध्य प्रदेशात महिन्याला 600. साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसामागे केंद्राचा वाटा 200 रुपये, आणि तो 2007 मध्ये होता तेवढाच आजही आहे. तेव्हा तुरीची डाळ काय भावाने घेत होतात, आठवून बघा.

आता दुकानातलं. ज्यांच्या हातात स्वतःचा पैसा नाही, ती माणसं बीपीच्या गोळ्या चार-चार नेतात. कात्रीने गोळ्यांचा पत्ता (पट्टी) कापून द्यावा लागतो. चार संपल्या की मुलगा बाजारात जाईल तेव्हा आणणार, आणि मुलाला सोयाबीनच्या दिवसांत कुठली आठवण? बीपीची गोळी म्हणजे काही तापाची गोळी नव्हे, दुखेल तेव्हा घ्यायला. मधे आठ दिवस गेले की बीपी परत चढतं, आणि चढलेलं कळतही नाही. तोच माणूस पेन्शन सुरू झाल्यावर येतो तेव्हा आवाजच वेगळा असतो, “भैया, पूरा पत्ता दे दो.” सुनेला विचारायला नको, मुलाकडे हात पसरायला नको.

हीच गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते, हे मला माहीत आहे (दुकानदार असूनही मी तिकडेच पाठवतो). पण तिथवर जायचं भाडं फुकट नसतं. पेन्शनमधले बरेच पैसे त्या भाड्यात जातात, आणि ते औषधावरच खर्च झाले असं मी धरतो. सत्तरीच्या पुढच्यांना 2024 पासून पाच लाखांचं आयुष्मान कार्ड आहे, चांगलंच आहे; पण ते अ‍ॅडमिट झाल्यावर. रोजच्या गोळीला त्याचा उपयोग नाही.

सगळे पैसे औषधात जातात असंही समजू नका. बिडी येते, चहा-साखर येते, नातवंडांना बिस्किटं जातात. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांना दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण सांगावंसं वाटतं. पुढे नोबेल मिळालेल्या एस्तेर डुफ्लो यांनी तिथल्या वृद्धांच्या पेन्शनचा अभ्यास केला होता. पेन्शन आजीच्या हातात आली तर घरातल्या नातींचं वजन सुधारलेलं दिसलं, आजोबांच्या हातात आली तर तसं दिसलं नाही. खुद्द वृद्धांच्या तब्येतीबद्दल विचाराल, तर मेक्सिकोत युकातान राज्यात केलेल्या पाहणीत पेन्शन मिळणाऱ्यांची स्मरणशक्ती आणि फुप्फुसांची ताकद न मिळणाऱ्यांपेक्षा बरी आढळली होती.

हे सगळं पैसा वेळेवर आला तर. इथे येतो तो अंगठा. आयुष्यभर खुरपं धरलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, पैसे काढायच्या कियोस्कवरचं मशीन त्या वाचत नाही, कधी केवायसी अडकते. आमच्या गावातल्या एका काकींची पेन्शन अशी पाच महिने बंद होती. दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, अर्धी गोळी घेतली तर चालेल का. मी नाही म्हटलं आणि उधारीवर पत्ता दिला. पुढच्या महिन्यात उधारीच्या संकोचाने त्या आल्याच नाहीत.

शेवटी थकलेले तीन हजार एकदम जमा झाले. मला वाटलं, आता पत्ता नेतील. पण सहाशे रुपये म्हातारीचे असतात, तीन हजार घराचे होतात. मुलाने त्यात खताची दोन पोती आणली. काकी आल्या, माझी उधारी चुकती केली आणि चार गोळ्या कापून घेऊन गेल्या.