सूचना रोज बदलतात, मग खरे काय धरायचे?

कोरोनाच्या काळात समुपदेशनासाठी आलेल्या ग्रामीण कुटुंबांनी मला वारंवार विचारलेला प्रश्न असा होता, की प्रशासन आज एक सांगते आणि महिन्याभराने दुसरेच सांगते, तर त्यातले खरे काय धरायचे? नव्या साथीची नुसती चर्चा सुरू झाली तरी हा प्रश्न आजही त्याच शब्दांत पुढे येतो. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील एका ताईंचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मे २०२१ च्या अखेरीस गावातील आशाताईंनी त्यांना माझ्याकडे पाठवले. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पामुळे आशा कार्यकर्त्यांना अशी माणसे ओळखण्याची दृष्टी आली होती, आणि त्याचा उपयोग मी त्या वर्षी पुष्कळदा पाहिला. ताईंच्या दिराला ताप होता, तपासणीत कोरोना निघाला होता, घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. पेरणी तोंडावर आली असताना ताई मात्र मध्यरात्र उलटेपर्यंत मोबाईलवर जिल्ह्याची दैनंदिन आकडेवारी, आदेशांचे फोटो आणि नातेवाइकांनी पाठवलेले संदेश पुन्हा पुन्हा वाचत असत. "काल म्हणत होते घरीच ठेवा, आज म्हणतात शाळेत न्या. ह्याईलेच समजत नाही, तं आमाले काय समजन जी?" हे त्यांचे पहिले वाक्य होते.

त्यांची तक्रार निराधार नव्हती. साथीच्या सुरुवातीला निरोगी माणसाला मास्कची गरज नाही असे सांगितले गेले आणि एप्रिल २०२० मध्ये घरी शिवलेला मास्क वापरण्याचा सल्ला आला. गावोगाव हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची फवारणी झाली, काही ठिकाणी तर माणसांवरही झाली, आणि त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर फवारणी करू नका असे सांगावे लागले. सासूबाईंनी मार्च २०२१ च्या मध्यात कोविशिल्डची पहिली मात्रा घेतली होती. दुसरीसाठी त्या मे महिन्याच्या मध्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या, तेव्हा अंतर आता १२ ते १६ आठवडे झाले आहे असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. त्यातच राज्याने विदर्भातील काही जिल्ह्यांसह १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून रुग्णांना विलगीकरण केंद्रात ठेवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि दिराला गावातील जिल्हा परिषद शाळेत हलवा असा निरोप घरी आला.

अशा माणसाला "बातम्या पाहू नका" असे सांगून भागत नाही, असे माझे ठाम मत आहे. संशय आधीच मनात असतो, आणि माहिती तोडली की तो वाढतो. म्हणून आम्ही एकेक बदल स्वतंत्रपणे पाहिला. विषाणू बंद जागेतील हवेतूनही पसरतो हे जसजसे स्पष्ट झाले, तसतसा भर वस्तू पुसण्यावरून मास्क आणि उघड्या खिडक्यांकडे गेला. लसीच्या दोन मात्रांतील अंतर वाढवल्यास संरक्षण चांगले मिळते, असे चाचण्यांच्या विश्लेषणातून दिसले होते; त्याच वेळी लसींचा तुटवडाही होता, आणि तो मी त्यांच्यापासून लपवला नाही. गृहविलगीकरण बंद करण्याचे कारण तर त्यांच्या घरातच होते: तीन खोल्या, एक संडास आणि सहा माणसे. रुग्ण घरी राहिला की अख्खे घर आजारी पडते, असे दुसऱ्या लाटेत गावोगाव दिसत होते. हे ऐकल्यावर ताई पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हे आमाले कोणी असं सांगतलंच नाही."

दवंडी किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा काय करायचे ते सांगतो, का करायचे ते सांगायला त्याला सवड नसते, आणि माझ्या मते गावातील निम्मी भीती या राहून गेलेल्या कारणातून जन्मते.

त्यानंतर आम्ही त्यांच्या मोबाईलमधील संदेश चाळले. कोणताही आदेश वाचताना तारीख, तो काढणारे कार्यालय, लागू असलेले क्षेत्र आणि मुदत एवढे आधी पाहायचे, असे ठरवले. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर या गोष्टी असतातच. ताईंना घाबरवणारा एक संदेश फेब्रुवारीतील अमरावती शहराच्या टाळेबंदीचा निघाला, आणि दोन संदेशांवर तारीखच नव्हती. दैनंदिन आकड्यांविषयीही बोलणे झाले. प्रयोगशाळेत साचलेले अहवाल एकदम आले की एका दिवसाचा आकडा फुगतो, म्हणून किती तपासण्यांमागे किती बाधित निघाले हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. संध्याकाळी एकदाच, ठरलेल्या वेळी, जिल्हा प्रशासनाचे पत्रक वाचायचे, अडले तर आशाताईंना विचारायचे आणि मोबाईल अंथरुणावर न्यायचा नाही, हे त्यांनी स्वतः कबूल केले. त्या स्वतःच्या बोटाला दर अर्ध्या तासाने रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावत होत्या, तेही दिवसातून तीनदा करायचे ठरले. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. ऊब देऊन, शांत बसून मोजल्यावरही तो ९४ च्या खाली राहिला, तर मात्र वाट न पाहता १०८ ला फोन करायचा.

दिराची भीती वेगळी होती. शाळेत नेलेला माणूस परत येत नाही, अशी गावात कुजबुज होती. तिच्यावर युक्तिवाद करण्यापेक्षा तेथील परिचारिकेला फोन लावून ऑक्सिजन कोण तपासते, मोबाईल जवळ ठेवता येतो का, घरचा डबा चालतो का आणि प्रकृती बिघडली तर पुढे कुठे नेतात, हे त्यालाच विचारायला लावले. उत्तरे मिळाल्यावर तो गेला आणि बरा होऊन घरी आला. सासूबाईंना दुसरी मात्रा जूनमध्ये मिळाली.

ताईंची झोप एवढ्याने पूर्ववत झाली नाही; जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागाकडे काही महिने जावे लागले, आणि त्या गेल्या याचे मला फार समाधान वाटते. जानेवारी २०२२ मध्ये सौम्य रुग्णांचे गृहविलगीकरण सात दिवसांवर आले, तेव्हा पुण्याहून परतलेला मुलगा बाधित निघाला म्हणून त्यांचा फोन आला. सात दिवस तापापासून मोजायचे की तपासणीपासून, एवढेच त्यांना विचारायचे होते. अहवाल बाधित आल्यापासून, आणि त्यातही शेवटचे सलग तीन दिवस ताप नसावा, असे मी सांगितले. त्यांनी ते लिहून घेतले आणि आदेश कोणत्या तारखेचा आहे, हेही विचारले.